मधल्या फळीवरचा मी

फॅब्लॉन म्हणतात मला. पाठीला गोंद लावलेला रंगीत प्लास्टिकचा पातळ कागद, एवढीच माझी ओळख. आमच्या घराण्यात बहुतेक सगळे सोंगाडे. कुणी लाकूड म्हणून मिरवतो, कुणी संगमरवर. मी त्यातला बरा. पांढऱ्यावर पिवळ्या चौकटी, जे काही आहे ते उघड. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावी एका हार्डवेअरच्या दुकानात गुंडाळी होऊन उभा होतो. तिथून एनिड हॅलिवेल मला तीन वार कापून घेऊन गेली.

ही १९७४च्या मार्चमधली गोष्ट. वसंत आला की त्या गल्लीतल्या बायका घर उपसून काढत. एनिडनं कोठीच्या फळ्या रिकाम्या केल्या आणि व्हिनेगरच्या पाण्यानं पुसल्या. तिचे वडील भिंतींना कागद लावायचं काम करत. कागद चढवण्याआधी कोऱ्या भिंतीवर पेन्सिलीनं तारीख, हवा आणि घरातली एखादी बातमी लिहून ठेवायची, अशी त्यांची रीत होती. पुढं कधी कागद उपटला की वाचणाऱ्याला गंमत. एनिडही तसंच करायची. वरच्या फळीवर तिनं लिहिलं, 'चौदा मार्च. पाऊस. स्टॅननं चहाची किटली फोडली.' आणि स्वतःशीच हसली.

मधल्या फळीपाशी मात्र ती बराच वेळ नुसती उभी राहिली. स्वयंपाकघरात तिचा नवरा स्टॅन पेपर वाचत बसला होता. तिनं एकदा तिकडं पाहिलं आणि बारीक अक्षरांत लिहिलं, 'डाव्या छातीत गाठ लागतेय. स्टॅनला सांगितलेलं नाही.' मग माझ्या पाठीचा कागद सोलला आणि मला त्यावर चिकटवून टाकलं.

स्टॅन बघायला आला. "झकास बसलंय गं. एकसुद्धा बुडबुडा नाही."

"बुडबुडे मोजायला बरा येतोस. हात लावायला बोलावलं तेव्हा कुठं होतास?"

तो हसला. मला वाटलं, आता ती सांगेल. आता दोघंच आहेत, सांगायला हरकत नाही. ती म्हणाली, "चहा टाकू?"

त्या दिवसापासून ती अक्षरं माझ्या पाठीला आहेत. समोर वाटाण्याचे डबे, जॅमच्या बाटल्या, आणि मागं हे. मला घट्ट धरून बसण्यापलीकडं काही येत नाही. त्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दर रविवारी एनिडची बहीण ब्रेंडा यायची. एकदा ती म्हणाली, "तू वाळलीयेस."

"हा स्कर्टच तसा आहे."

"डॉक्टरला दाखवून ये की."

"त्याच्या दारात खरी आजारी माणसं बसलेली असतात. उगाच त्या बिचाऱ्याला कशाला त्रास?"

डॉक्टर तिथं पैसे घेत नाही, ते सरकार देतं. तरी त्याला त्रास नको म्हणून माणसं स्वतः त्रास काढतात. हे मला आजवर कळलेलं नाही.

मे महिन्यात भिंतीची ओल लागून माझा एक कोपरा सुटला. मी आनंदलो. अजून चार बोटं सुटलो असतो तर 'गाठ' हा शब्द उघडा पडला असता. पण स्टॅन नीटनेटका माणूस. त्याच्या नजरेला ते पडलं, त्यानं गोंद आणला, अंगठ्यानं मला दाबलं आणि वर वजन म्हणून दोन डबे ठेवले. "झालं बघ काम," तो बायकोला म्हणाला. अरे बाबा, उलट ओढ ना मला. कसं सांगणार?

ऑगस्टमध्ये तिला कढई उचलवेना. मग डॉक्टर, मग हॉस्पिटल. नोव्हेंबरात ती गेली.

स्वयंपाकघरात स्टॅन ब्रेंडाला सांगत होता, "डॉक्टर म्हणाले, वसंतात आली असती तर काही करता आलं असतं." कोठीत मी ऐकत होतो. मी वसंतातलाच.

हिवाळा सरल्यावर ब्रेंडा फळ्यांवरचा जुना कागद काढून नवा लावायला निघाली. "एनिडनं लावलंय, राहू दे," स्टॅन म्हणाला. ब्रेंडा घरी गेल्यावर त्याला माझा तोच कोपरा पुन्हा सुटलेला दिसला. गोंद आतपर्यंत जावा म्हणून या वेळी त्यानं मला जरा जास्त उचललं.

त्यानं वाचलं. माझं टोक अजून त्याच्या हातातच होतं. मला वाटलं, हा आता मला टराटरा फाडणार, आणि फाडावंच असं मलाही वाटत होतं. सामानाच्या यादीसाठी कोठीच्या दाराला एक पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली असते. ती ओढून घेऊन त्यानं तिच्या ओळीखाली लिहिलं, 'तू वाळत चाललीस ते मला दिसत होतं. विचारायला घाबरलो.' नंतर गोंद लावला आणि एनिड करायची तसं मधून कडेकडे पुसत मला पुन्हा बसवलं.

आता माझ्या पाठीला दोन ओळी आहेत. ब्रेंडा अजून रविवारी येते.

"कसा आहेस, स्टॅन?"

"ठीक. तक्रार नाही."

ती मान डोलावते आणि दोघं चहा घेतात. तो रात्रीचं जेवत नाही, हे तिला माहीत नाही. डबे हलत नाहीत, म्हणून मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणी कधी त्या घरी गेलात, तर एवढं करा. तो ठीक म्हणाला की लगेच चहाकडं वळू नका. त्याला दुसऱ्यांदा विचारा.