आवाज आमचा, उजेड तुमचा

मी कादंबरी बोलतेय. जरा जपून धरा, पाठीची शिवण उसवलीय आणि आता बोलायचाही कंटाळा आलाय.

छापखान्यातून निघाले तेव्हा कोरी करकरीत होते. माझ्यात एका नर्सची आणि दुसऱ्या धर्माच्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या सैनिकाची गोष्ट आहे. वाचनालयातल्या थोरामोठ्यांनी मला न वाचताच वाईट ठरवलं आणि वरच्या फळीवर ढकललं. पुस्तक नाकारायला ते उघडावं लागतच नाही म्हणे.

मग युद्ध आलं. वाचनालय बंद पडलं, तेव्हा शिंप्याच्या मुलीने मला उचललं. भोंगा वाजला की सगळी गल्ली तळघरात उतरायची. तिथेही मधोमध दोरी: इकडे एक धर्म, तिकडे दुसरा. जीव मुठीत, पण दोरी ताठ!

भीती घालवायला ती मला मोठ्याने वाचू लागली. टॉर्च एकच, तोही पलीकडच्या वायरमनकडे. वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला, "आवाज आमचा, उजेड तुमचा." दोघांना दोरीला लागून शेजारी बसवलं. कोणी? त्यांनीच!

नर्स आणि सैनिक भेटले की दोन्हीकडच्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. "अगं, पळून जा म्हणावं तिला!" मुलीची आत्या ओरडायची.

शेवटचं प्रकरण उरलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मला या वायरमनशी लग्न करायचंय."



"गोष्टीत ठीक असतं गं," शिंपी म्हणाला. "घरात नाही."

"मग गोष्टही नाही." तिने मला मिटलं. "तुम्ही हो म्हणा, मी शेवट वाचते."

तेव्हापासून मी तिच्या मांडीवर मिटून पडलेय. वायरमन तरीही टॉर्च धरतो. आत्या भावाला टोचत राहते, "अरे, हो म्हण की मेल्या! शेवट न ऐकताच मला वर पाठवतोस का?"

आज स्फोट अगदी जवळ झाला. छताची माती माझ्यावर पडली. शिंपी म्हणाला, "पोरी, वाच ना. उद्या आपण असू-नसू."

"म्हणूनच तर, बाबा."

तो माझ्यावरची माती झटकतोय, पण 'हो' म्हणत नाही.

बाबा, शेवट तिने आधीच वाचलाय. माझ्यातले दोघं मरतात. लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला तरी सुचू द्या.