गालातला चिंचोका

माण गावच्या कोंडाजींचा कुठल्याच नकाशावर विश्वास उरला नव्हता. आयटी पार्क येत होता तेव्हा एका एजंटानं एकच माळ चार कंपन्यांना दाखवला होता, आणि तो चौघांनाही आवडला होता. तेव्हापासून कुणी नकाशा उलगडला की कोंडाजी आधी विचारत, "पन हाय कुटला?"

आता नकाशा त्यांच्याच मानेचा होता. उजवा हात बधिर झाला होता, शर्टाची बटणं बायको रत्नाबाई लावून देत, आणि चालताना पाय असे पडत की भाडेकरू पोरं सकाळीसकाळीच गालात हसत. कोंडाजी तर आयुष्यात प्यायले नव्हते.

मणक्याच्या डॉक्टर वृषाली मूळच्या जवळच्याच भरे गावच्या. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "काका, हाड मज्जारज्जूवर दाबतंय. थांबलात तर हात जाईल, मग पाय. पण अडचण वेगळीच दिसतेय. मेंदूला रक्त नेणारी ही धमनी मणक्यांच्या कडेकडेनं वर जाते. तुमची डावी धमनी मध्येच आत वळलीय. नेमकी मी पुढून हाड कोरणार तिथंच."

"आत वळली? कुनाला इचारून?"

"जन्मापासूनच असेल. तिला धक्का लागला तर जिवावर बेतेल. रंगाचं औषध देऊन नीट स्कॅन करू. तसंच दिसलं तर मी पुढून न जाता मानेच्या मागून जाईन."

कोंडाजींनी मान हलवली, हलत होती तेवढी. बाहेर येताच मात्र म्हणाले, "ठरल्यावर प्लॅन बदलतो त्यो बिल्डर. त्यो फोटू माझा न्हाईच."

"ताठा तर तुमचाच दिसत हुता," रत्नाबाई म्हणाल्या.

"वर माझं नाव हाय म्हून? नाव काय, कुनी बी छापतंय."

शेताची मोजणी असली की कोंडाजी आदल्या दिवशी बांधाखाली गुपचूप एक खुणेचा दगड पुरत. मोजणीत खूण निघाली तर जागा आपली. मानेत दगड पुरता येत नाही. म्हणून स्कॅनच्या दिवशी त्यांनी नातीच्या सारीपाटातला एक चिंचोका डाव्या गालात दाबला.

स्कॅनवाल्या ओमनं विचारलं, "तोंडात कवळी, काही धातू?" कोंडाजींनी ओठ न उघडता नकार दिला. खोटं काहीच नव्हतं. चिंचोका धातू नसतो.

पुढच्या खेपेला डॉक्टर आधी स्क्रीनकडे बघत होत्या, मग कोंडाजींकडे, मग परत स्क्रीनकडे.

"धमनी तशीच आहे, आत वळलेली. पण गालात एक गाठ आलीय. आधी नव्हती. तिचा छडा लागेपर्यंत ऑपरेशन करता येणार नाही."

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. कोंडाजींचा चेहरा मात्र खुलला.

"गाठ न्हाई ती. माझी खून हाय. चिंचोका."

"कशाला?"

"फोटू माझाच हाय का बगाया."

"आता कुठंय तो?"

"गिळला. तुमचा त्यो ओम 'श्वास सोडा' म्हनला तवा."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तोंड उघडायला लावून टॉर्च मारला, गाल आतून-बाहेरून चाचपला, आणि तरीही जबड्याचा एक्सरे काढून घेतला. गाल रिकामा निघाला.

एक्सरे बघताना कोंडाजींचं हसू हळूहळू उतरलं. खूण सापडली, म्हणजे नकाशा खरा. नकाशा खरा, म्हणजे ती धमनी खरंच त्यांच्या मानेत वाट सोडून बसली होती. फोटो परक्याचा होता तोवर धोकाही परक्याचा होता.

"मागनं गेलं की ती लागनार न्हाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिच्यापासून लांब राहता येईल. धोका उरतोच, पण पुढून गेले तर खूप जास्त. आणि काहीच केलं नाही तर हात जातोय."

कोंडाजींनी बधिर हातानं वेडीवाकडी सही केली. ऑपरेशनच्या दिवशी ओम मुद्दाम आला; त्यानं आधी त्यांचे दोन्ही गाल तपासले आणि मगच त्यांना आत नेऊ दिलं.

जाग आली तेव्हा मानेमागं जाड पट्टी होती आणि समोर डॉक्टर.

"मूठ आवळा, काका."

बोटं वळली. सावकाश, पण वळली.

"धमनी तुमची जिथल्या तिथं आहे. आम्ही तिच्या वाटेला गेलोच नाही."

घरी जायच्या दिवशी रत्नाबाई शर्टाची बटणं लावून द्यायला आल्या, तर वरचं बटण आधीच लागलेलं. त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं.

"कुनी लावलं? नर्सनं?"

"मी."

रत्नाबाईंनी बटण काढलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"लावा परत. माझ्यादेखत."