दोनदा डिपर

शनिवारी संध्याकाळी साडेसातला वेंडेल होल्कम आपली ब्यूइक घेऊन डेक्स्टर रोडवर राउंड मारायला निघायचा, आणि हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सहासष्ट वर्षांचा माणूस, बायकोला जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा तिकडे फिनिक्सला. त्याने दोन मैलांच्या सरळसोट रस्त्यावर उगाच वर-खाली गाडी फिरवायची, पेट्रोल जाळायचं आणि घरी येऊन डब्यातलं सूप गरम करून प्यायचं. हे चारचौघांत सांगायचं तरी कसं?

एके काळी याच रस्त्यावर शनिवारी मुंगी शिरायला जागा नसायची. एल्डनसारख्या गावात, जिथून टोलीडो शहराची धुराडी दिसतात पण टोलीडोची मजा काही पोचत नाही, पोरांनी दुसरं करायचं तरी काय? उत्तरेच्या टोकाला पेगीज. तिथे गाडीतच बर्गर आणून द्यायचे. दक्षिणेच्या टोकाला बोलिंगचा हॉल. मधे दोन मैल, रस्त्याच्या पोटात झाडांचा पट्टा. या टोकाला वळायचं, त्या टोकाला वळायचं, खिडक्या खाली आणि सगळ्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर. "कुठे जाऊन आलात?" असं आया विचारायच्या आणि पोरं म्हणायची, "कुठेच नाही." आयांना वाटायचं पोरं लपवताहेत. पोरं अगदी खरं बोलत असायची.

गर्दीचा त्रास होतो म्हणून पुढे नगरपालिकेने पाटी लावली होती. दोन तासांत एकाच जागेवरून तीनदा जाणाऱ्या गाडीला दंड. गर्दी कधीच आटली, पेगीजच्या जागी औषधांचं दुकान आलं, बोलिंगच्या हॉलच्या जागी लोकांचं अडगळीचं सामान ठेवायची भाड्याची गोदामं आली. पाटी मात्र कुणी काढली नाही. जूनमधल्या त्या शनिवारी, अजून लख्ख उजेड असताना, पाचव्या फेरीला एका पोलीस बाईने वेंडेलला बाजूला घेतलं.

"काका, पत्ता शोधताय का?"

"नाही."

"मग काही हरवलंय?"

"राउंड मारतोय," वेंडेल म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

बाईने पाटीकडे पाहिलं, मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. "एकटेच?" तिने विचारलं. मग तिलाच कसंनुसं झालं असावं. "जा, सावकाश चालवा," म्हणून ती निघून गेली. दंड केला असता तर बरं झालं असतं, असं वेंडेलला वाटलं. निदान दखल घेतल्यासारखं झालं असतं.

आता परत रस्त्यावर जाण्यात राम नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या तशाही संपत आल्या होत्या, म्हणून तो औषधांच्या दुकानात शिरला. रांगेत त्याच्या पुढे एक साठीची बाई होती, आखूड पांढरे केस, कडक पाठ. तिने काउंटरवर नाव सांगितलं: "शिमान्स्की. गॉर्डन शिमान्स्की. मी बहीण त्याची."

वेंडेलला नाव लगेच आठवलं. बर्नडीन. त्याच्या जुन्या मित्राची, गॉर्डीची, धाकटी बहीण. तेव्हा बारा वर्षांची होती, गुडघे कायम फुटलेले.

"गॉर्डी इथे आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिने वळून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळखायला तिला दोन क्षणही लागले नाहीत. "एप्रिलपासून माझ्याकडे आहे. डावी बाजू गेली त्याची. आम्ही त्याच घरात राहतो. तुला माहीत असेल घर."

"माझं नाव काढतो कधी?"

"काढतो की," बर्नडीन म्हणाली. "डिपर देऊन न आलेला माणूस म्हणतो तुला."

एल्डनच्या त्या पिढीत याहून वाईट शिवी नव्हती. समोरून येणाऱ्या गाडीत कुणी ओळखीचं दिसलं आणि बोलायचं असलं, तर हेडलाइटचा दोनदा डिपर द्यायचा. मग डिपर देणाऱ्याने गाडी वळवायची आणि दुसरा ज्या टोकाला चाललाय त्या टोकाला जायचं. दुसऱ्याने 'थांबतो' म्हणून उलट दोनदा डिपर द्यायचा आणि तिथे जाऊन थांबायचं. लिहून कुणी ठेवलं नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं. पोरीसुद्धा नकोशा पोराला डिपर देत नसत. दिलाच तर नाइलाजाने का होईना, जात.

"मी?" वेंडेलचा आवाज चढला. "मी गेलो होतो! बोलिंगच्या हॉलपाशी अकरापर्यंत बसलो होतो. तोच आला नाही!"

"तो पेगीजला होता. इथे." तिने दुकानाच्या फरशीकडे बोट दाखवलं. "दिवे बंद होईपर्यंत."

मागचा माणूस खाकरला. वेंडेलच्या डोक्यात त्या रात्रीचा चौक उभा राहिला. तो उत्तरेकडे तोंड करून सिग्नलला थांबलेला, पट्ट्यापलीकडे गॉर्डी दक्षिणेकडे तोंड करून. वेंडेलने दोनदा डिपर दिला. त्याच क्षणी गॉर्डीनेही दिला. वेंडेलला वाटलं, हे उत्तर आलं. आणि गॉर्डीला वाटलं, हे उत्तर आलं. दोघांनी गाड्या वळवल्या. दोघंही शहाण्यासारखे दुसऱ्याच्या टोकाला गेले, आणि डोळ्यांवर येणाऱ्या शे-दीडशे दिव्यांत एकमेकांच्या बाजूने निघून गेले.

त्यानंतरच्या सोमवारी गॉर्डी नौदलात गेला. सत्तेचाळीस वर्षं!

"उद्या येऊ का?" वेंडेलने विचारलं.

"दोनला ये," बर्नडीन म्हणाली. "तीनला तो झोपतो."

त्या रात्री वेंडेलला झोप आली नाही, पण कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच ती आनंदाने आली नाही. कारण गॉर्डीवर त्याचा राग होता तसा स्वतःच्या चुकीचा सलही होता, आणि तो त्याने त्या रागाखाली दाबून ठेवला होता. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, पेगीजच्या आवारात गॉर्डी आईची लांबलचक हिरवी गाडी घेऊन आला होता. त्याची आई आजारी होती, पोटाचं दुखणं, बरं न होणारं. वेंडेलला ते ठाऊक होतं. पण बॉनेटवर तीन पोरी बसल्या होत्या, वीस जण ऐकत होते आणि जीभ सळसळत होती. तो ओरडला, "काय रे गॉर्डी, आईची गाडी आणलीस, आता आईलाही आणायचं की! तोंड कोण पुसणार तुझं?" सगळे खिदळले. गॉर्डी एक शब्द न बोलता गाडी काढून गेला. महिन्याभराने चौकात वेंडेलने डिपर दिला तो माफी मागायला. माफी राहिली आणि वर गॉर्डीच खोटा ठरला, म्हणून वेंडेलचं आयतंच फावलं होतं.

आता सगळंच सुटत होतं. कुणाची चूक नव्हती. दोघंही आले होते. वेंडेल पहाटे उठून दाढी करताना आरशात चक्क हसला. मित्र परत मिळणार होता. सत्तेचाळीस वर्षांनी, अर्धी बाजू गेलेला का होईना, पण मित्र! शनिवारी बाजूच्या सीटवर बसायला कुणीतरी.

गॉर्डी पुढच्या व्हरांड्यात खुर्चीत होता. केस गेले होते, डावा हात मांडीवर कुणी ठेवून विसरल्यासारखा पडला होता. पण डोळे तेच, बारीक आणि चेष्टेखोर. वेंडेल उभ्या उभ्याच बोलत सुटला. चौक, सिग्नल, दोघांचा डिपर, दोघांचं वळणं. हातांनी गाड्या फिरवून दाखवल्या. "कळतंय ना तुला? आपण दोघंही गेलो होतो! निव्वळ घोटाळा, गॉर्डी!"

"मला माहितीये," गॉर्डी म्हणाला. शब्द जड येत होते, पण स्पष्ट.

"बर्नडीनने काल सांगितलं वाटतं."

"छे. बोटीवर पहिल्याच आठवड्यात कळलं. तिथे दिव्यांनीच बोलतात ना. म्हटलं, अरेच्चा, त्याने पण दिला होता." तो दम घ्यायला थांबला. "वाटलं, तुलाही कळेल. तू माझ्याहून हुशार."

वेंडेल पायरीवर बसला. "मग लिहिलं का नाहीस?"

"लिहायचं तुझ्याकडे होतं. म्हणून तर अजून म्हणतो, डिपर देऊन न आलेला."

शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. ते बंद होईपर्यंत वेंडेल थांबला. मग म्हणाला, "ते आईवरून बोललो ते. त्याची माफी मागायची होती मला. त्या रात्रीच मागायची होती."

गॉर्डीने उजव्या हाताने मांडीवरचा डावा हात नीट केला. मग म्हणाला, "ती गाडीत होती."

"कोण?"

"आई. मागे आडवी. दवाखान्यातून आणत होतो. म्हणाली, मला तुमचे दिवे दाखव एकदा. तुम्ही कुठे जाता ते बघू दे."

'आता आईलाही आणायचं की.' वीस जणांसमोर.

"ऐकलं तिने?"

"सगळं. आणि हसली. पोट धरून हसली. उठून बसायला निघाली, 'आलेय की मी!' म्हणायला." गॉर्डीच्या उजव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर वळली. "डोक्यावर केस नव्हते तिच्या. रुमाल सरकलेला. मला लाज वाटली, वेंडेल. पोरी होत्या ना. म्हणून मी गाडी काढली. तुझ्यावरचा राग म्हणून मी जो महिनाभर मिरवला, तो तुझ्यावरचा नव्हताच."

"आणि डिपर?"

"तिने पाठवलं होतं. म्हणाली, तो पोरगा विनोदी आहे, रविवारी जेवायला आण त्याला. सांगायला आलो होतो."

म्हणजे माफी मागायची गरजच नव्हती. किंवा आता मागायला कुणी उरलं नव्हतं. वेंडेलला दोन्हीतला फरक कळेना. त्याने चेहरा हातांत धरला. पण त्याही अवस्थेत त्याच्या मनाने एक आधार शोधून काढलाच: मला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. ठाऊक असतं तर आलो असतो.

तेच तो बोलला. "मला ठाऊक असतं तर मी धावत आलो असतो रे. एका मैलावर राहत होतो."

जाळीच्या दारामागे बर्नडीन उभी होती. हातात औषधाचा पेला होता. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती बाहेर आली, भावाला औषध पाजलं, ओठ पुसले आणि मग वेंडेलकडे वळली.

"गॉर्डी गेल्यावरही आई तुझं ताट मांडायची," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "म्हणायची, गॉर्डी गेला, आता तो पोरगा एकटाच फिरत असेल. ऑगस्टपासून अकरा रविवार. मग तिला टेबलाशी बसवेना."

"मला कुणी..."

"मला पाठवायची ती. शनिवारी, जेवणं झाली की. जा, कोपऱ्यावर उभी राहा, त्याची गाडी आली की थांबव. मी उभी राहायचे. तुझी निळी फोर्ड यायची. मी हात करायचे, दोन्ही हात. घरी येऊन सांगायचे, आई, त्याला दिसत नाही गं, दिवे डोळ्यांवर येतात. ती म्हणायची, असेल." बर्नडीनने रिकामा पेला दुसऱ्या हातात घेतला. "मी बारा वर्षांची होते. मला खरंच तसं वाटायचं. अजूनही वाटतं. दिवे फार असायचे ना?"

ती त्याच्याकडे पाहत होती. गॉर्डीही पाहत होता. 'हो' म्हटलं की सगळं मिटत होतं, आणि दोघांनीही ते हसतमुखाने मान्य केलं असतं. चहा झाला असता. शनिवार ठरला असता.

कोपऱ्यावरच्या खांबाखाली पिवळ्या फ्रॉकमधली पोरगी, फुटलेले गुडघे, दोन्ही हात वर. दर फेरीला. गॉर्डीच्या घरचं कुणी आपल्याशी भांडायला उभं आहे असं वाटून तो मान ताठ करायचा, रेडिओचा आवाज वाढवायचा आणि समोर बघायचा.

"नाही," वेंडेल म्हणाला. "दिसायचीस तू मला."