गार्लंडच्या वाटणीच्या फेऱ्या

कटॉबा नदीच्या काठी टीग मंडळींचं फिश कॅम्प आहे. नावात कॅम्प असला तरी तिथे कुणी मुक्कामाला राहत नाही. माणसं येतात, तळलेला मासा आणि मक्याची भजी खातात, दात शिवशिवतील इतका गोड गार चहा पितात आणि घरी जाऊन पोटावर हात ठेवून पडतात. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मात्र जेवण झालं तरी कुणी उठत नाही. त्या दुपारी तिथे चौऱ्याहत्तर सालची मोटारींची शर्यत पुन्हा होते.

होते म्हणजे सांगितली जाते. ज्या लंबगोल ट्रॅकवर ती झाली तिथे आता गोदामं उभी आहेत. पण पीडमाँट चषकाची त्या हंगामातली ती अखेरची शर्यत ज्यांनी पाहिली, त्यांनी तिच्या फेऱ्या आपसात वाटून घेतल्या आहेत, भावाभावांत शेत वाटावं तशा. सुरुवातीच्या फेऱ्या एकाच्या, टायर फुटल्याच्या दुसऱ्याच्या. एकाच्या फेऱ्यांत दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. माणूस गेला की त्याच्या फेऱ्या घरच्याकडे जातात. मधे बराच वेळ पिवळा झेंडा होता, गाड्या नुसत्या रांगेत फिरत होत्या आणि काहीही घडलं नव्हतं. त्या फेऱ्या सध्या एका दंतवैद्याकडे आहेत. त्याचा जन्म शहात्तरचा, पण तो त्या अशा रंगवतो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ जाते. वळण आलं की सगळे खुर्च्यांतल्या खुर्च्यांत डावीकडे कलतात. या शर्यतीत उजवीकडे कुणी कधी वळलेलं नाही. राजकारणातलं सोडा, ती गोष्ट वेगळी.

शेवटच्या दहा फेऱ्या गार्लंड सिग्मनच्या होत्या. हे सगळ्यांना मान्य होतं, कारण त्या वेळी गाडीत तोच होता. दोन वर्षांपूर्वी गार्लंड गेला आणि त्याच्या फेऱ्या हॉयट लॅकीनं घेतल्या. दिल्या कुणी नाहीत, त्यानं घेतल्या. हॉयट गार्लंडच्या गॅरेजचा मुख्य होता, त्याच्या शेवरोलेचा एकेक नट त्यानं हातानं आवळलेला. त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

व्हर्लीन सिग्मनही बोलली नव्हती. ती गार्लंडची बायको. दर वर्षी ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर बसायची, आणि शेवटची फेरी जवळ आली की सबंध हॉटेल माना वळवून तिच्याकडे बघायचं. कारण पुढचं वाक्य शेंगांचं असायचं.

पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची डागडुजी चालते तिथे, सालीसकट भुईमुगाच्या शेंगा आणणं हा तिकडे महाअपशकुन. काळं मांजर आडवं गेलं तर परवडलं, त्याला निदान जायची घाई असते. चौऱ्याहत्तर साली त्या दुपारी व्हर्लीन ट्रकच्या मागच्या फळीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होती, आणि म्हणून गार्लंडच्या हातातोंडाशी आलेला चषक गेला. असं गार्लंड सांगे, हॉयट सांगे, आणि सबंध तालुका सांगे. चर्चच्या खाऊविक्रीत तिनं केलेला केक कुणी विकत घेतला तरी आधी त्यात दाणे नाहीत ना हे हळूच विचारी. शाळेच्या फुटबॉल संघानं तिला पाहुण्या संघाच्या बाजूला बसायची नम्र विनंती केली होती. गंमत म्हणून. तीही हसत असे. चाळीस वर्षं हसल्यावर ते तोंडाला सवयीचं होतं.

या वर्षी मात्र शेवटच्या दहा फेऱ्यांआधीच ओडेल बमगार्नर उभा राहिला आणि त्यानं खिशातून चष्मा काढला. ओडेल हा त्या ट्रॅकवरचा निवेदक. ट्रॅक गेला, पण माइक त्यानं घरी नेला होता, आणि फिश कॅम्पात तो लागत नसूनही हातात धरल्याशिवाय त्याला बोलता येत नसे.

"मंडळी," ओडेल म्हणाला, "गोदामवाल्यांनी फाटकाशी जागा दिली. बाक होतोय. ग्रॅनाइटचा. वर्गणी जमली, दगड आला, कारागीर सोमवारी अक्षरं कोरायला घेणार. हॉयटनं मजकूर केलाय. ऐका." त्यानं माइक तोंडाशी धरला. "‘बायकोनं शेंगा आणल्या नसत्या, तर गार्लंड सिग्मननं इथेच एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा पीडमाँट चषक जिंकला असता.’"

हॉटेल खदाखदा हसलं. कुणीतरी टेबलावर थाप मारली, चहाचे ग्लास हलले. व्हर्लीनचं तोंड सवयीनं हसायला लागलं होतं, ते तिनं मधेच थांबवलं. हसण्यावारी नेलेली गोष्ट आता दगडावर चालली होती. ती मेल्यावर तिची पणती त्या बाकावर बसणार आणि विचारणार, कोण ही बया?

"ओडेल," ती म्हणाली, "हे कोरायचं नाही."

"अगं, गंमत आहे."

"गंमत कागदावर कर. दगडावर माणसं मेलेल्यांची नावं घालतात."

"व्हर्लीन, बस ना खाली," हॉयट आपल्या जागेवरून म्हणाला. तो काडीसारखा वाळला होता, पण टोपी अजून तीच होती. "तुझं नाव कुठे घातलंय? नुसतं ‘बायको’ म्हटलंय."

"त्याला बायका किती होत्या रे?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. हॉयटनं टोपी सारखी केली.

"शर्यत संपू दे," तो म्हणाला. "मग बोलू. ओडेल, शेवटच्या दहा फेऱ्या राहिल्यात."

"त्यांचंच बोलतेय मी," व्हर्लीन म्हणाली आणि उठून मधल्या मोकळ्या जागेत आली. "माणूस गेला की फेऱ्या घरच्याकडे जातात. हा नियम कुणाचा?"

नियम सगळ्यांचा होता, म्हणून तो आत्ता कुणाचाच नव्हता.

"बायकांकडे फेऱ्या कधी गेल्यात?" हॉयट म्हणाला.

"दंतवैद्याकडे गेल्यात. तो तेव्हा जन्मला नव्हता. मी निदान जन्मले होते, आणि ट्रकवर होते."

दंतवैद्यानं भजं खाली ठेवलं आणि आपला या वादाशी संबंध नसल्यासारखं खिडकीबाहेर बघितलं.

"पण शेंगा?" ओडेलनं माइकमधून विचारलं. "शेंगा तू खाल्ल्या नव्हत्यास का?"

"खाल्ल्या. शेंगा मी खाल्ल्या, टरफलंही मीच टाकली. पण गाडी मी भिंतीवर घातली नाही."

हॉटेलात एकदम सामसूम झाली. सामसूम व्हावी असं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी प्रेक्षकांचा सबंध स्टँड भरलेला होता आणि गार्लंडची गाडी भिंतीवर जाताना सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि चाळीस वर्षं सांगितलेलं यांच्यात सांगितलेलं नेहमी पुढे निघतं, कारण त्याला वाटेत कुठे थांबावं लागत नाही.

"दहा फेऱ्या राहिल्यात," व्हर्लीननं सुरुवात केली. तिला कुणी परवानगी दिली नव्हती. "पुढे आर्व्हिल पोटीट, त्याच्या त्या फोर्डात. मागे गार्लंड. तिसरा इतका मागे की त्याला दुर्बिणीतून आमचा धूर दिसला असता. वर्षभराच्या गुणांत गार्लंड वर होता. आर्व्हिल पहिला आला तरी गार्लंडला तिसरा नंबर पुरत होता. तिसरा! आणि तो दुसरा होता. नुसतं गाडीत बसून राहिला असता, गाणं म्हणत, तरी चषक घरी. हॉयटनं खडूनं फळ्यावर काय लिहिलं होतं, हॉयट?"

हॉयटनं चहाचा ग्लास ओढून घेतला.

"‘तिसरा पुरे.’ अक्षर चांगलं होतं तुझं. प्रत्येक फेरीला तू कठड्यावर उभा राहून तो फळा दाखवत होतास. आणि प्रत्येक फेरीला गार्लंड तुला हात करत होता. तुला वाटलं, समजलं म्हणतोय. मला त्याचा तो हात ठाऊक होता. मी त्याला कचरा टाकून ये म्हटलं की तो तसाच हात करायचा."

पहिल्यांदा एक बाई हसली, मग तिचा नवरा, मग बरेच नवरे.

"शेवटची फेरी. चौथं वळण." सगळे डावीकडे कलले, शरीराला सवय होती, त्याला वाद ठाऊक नव्हता. "समोर स्टँड. स्टँडात तो कामाला जायचा ती आख्खी गिरणी. सोमवारपासून जन्मभर ज्यांच्याबरोबर डबा खायचा ती माणसं. आणि त्यांच्या समोरून, आपल्या गावात, एका फोर्डाच्या मागून रेघ ओलांडायची? चषक मिळाला असता रे. पण तो फोर्डाच्या ढुंगणाकडे बघत मिळाला असता. गार्लंडनं गाडीचं नाक आतून घातलं. जागा नव्हती. देवाला सुद्धा तिथे जागा दिसली नसती. घातलंच. पाऊण गाडी आर्व्हिलच्या दाराशी आली. मग मागचं टोक सुटलं, गाडी वर गेली, भिंतीला घासत, ठिणग्या उडवत, उलटं तोंड करून खाली आली आणि रेघेच्या अलीकडे थांबली. अलीकडे! मग बाकीचे एकेक करून शेजारून गेले. आठवा आला तो. ढकलत आणला तेव्हा."

"आणि बाहेर येऊन तो म्हणाला—" ओडेलनं सुरुवात केली.

"तुझ्या याच माइकमधे म्हणाला. लोक शिव्या घालत होते, बाटल्या येत होत्या. तो म्हणाला, बायकोला विचारा, तिनं शेंगा आणल्यात. लोक हसले, बाटल्या थांबल्या. मीही हसले. मला वाटलं, सोमवारपर्यंत टिकेल."

"व्हर्लीन," हॉयट उभा राहिला. "तो आता नाही. त्याला बोलता येत नाही. आणि तू सगळ्यांसमोर त्याला मूर्ख ठरवतेस."

"मूर्ख होताच तो. पण शेंगांनी हरणारा नव्हता. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला इतका बापुडा केलात की मूठभर शेंगांनी त्याची गाडी घसरली. मी त्याच्याबरोबर संसार केलाय. तो माणूस हातातला चषक टाकून देईल पण मागून जाणार नाही. असा एक तरी आहे का इथे दुसरा? त्याचा वेडेपणा त्याचा होता. तो शेंगांना का देताय?"

तेवढ्यात संडासाच्या दाराजवळच्या टेबलावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिथे आर्व्हिल पोटीट बसायचा. ऐंशीचा झाला होता. चषक त्यानंच जिंकला होता, म्हणून त्याला दर वर्षी आमंत्रण असे आणि मासा सगळ्यांत शेवटी मिळे.

"आर्व्हिल, तुला फेऱ्या नाहीत," ओडेल म्हणाला. "तू पाहुणा."

"फेऱ्या नकोत," आर्व्हिल म्हणाला. "चाळीस वर्षं मी इथे येतो. येतो आणि ऐकतो की मला शेंगांनी जिंकवलं. माझी नातवंडं मला दाण्याची वडी देऊन अभिनंदन करतात. त्या दिवशी तो माझ्या दारापर्यंत आला होता. माझ्या आरशात नाही, दारात. मी स्टिअरिंग सोडलं असतं तर दोघं गेलो असतो. मी सोडलं नाही. माझे हात रविवारभर उघडत नव्हते. बाई म्हणाली तसंच झालं." तो खाली बसला, मग पुन्हा अर्धा उठला. "आणि ढुंगणाबद्दल ती जे बोलली, ते फोर्ड चांगलं दिसायचं मागून."

ओडेल माइककडे बघत राहिला, जणू काही त्यानंच आता पुढचं बोलावं. "मग दगडावर काय कोरायचं?" त्यानं शेवटी विचारलं.

"‘गार्लंड सिग्मन,’" व्हर्लीन म्हणाली. "‘तिसरा नंबर पुरला असता.’ बस."

"हे काय? लोकांना कळणार नाही."

"विचारतील. मग सांगायचं."

मतं घ्यायची ठरली. पहिले हात खिडकीकडच्या टेबलांवरून वर गेले आणि व्हर्लीननं कपाळाला हात लावला, कारण ती सगळी फोर्डवाली, म्हणजे आर्व्हिलच्या बाजूची होती. फोर्डवाल्यांनी पाठिंबा दिलेली गोष्ट त्या गावात आजवर तरलेली नव्हती. पाण्याच्या टाकीचा प्रस्तावसुद्धा तसाच बुडाला होता. गार्लंडच्या बाजूची, शेवरोलेवाल्यांची टेबलं हात मांडीवर ठेवून बसली. मग ती आधी हसलेली बाई उठली आणि तिनं हात वर केला. तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, हॉयटकडे बघितलं, आणि हात वर करून आढ्याकडे बघायला लागला, जणू तो हात कुणाचा हे त्यालाही ठाऊक नाही. त्याच्यामागून एकेक जण आढ्याकडे बघू लागले. दंतवैद्यानं दोन्ही हात वर केले.

"मंजूर," ओडेल म्हणाला. "हॉयट सोडून."

हॉयट उभाच होता. त्यानं टोपी काढली होती, आणि टोपीशिवाय तो कुणालाच ओळखू येत नव्हता.

"व्हर्लीन," तो म्हणाला, "तो खरंच दारापर्यंत आला होता?"

"म्हणजे? तू कठड्यावर होतास. सगळ्यांच्या पुढे."

"मी फळा धरला होता. शेवटच्या फेरीला मी तो तोंडासमोर आडवा धरला, दोन्ही हातांनी, त्याला दिसावा म्हणून. फळा खाली घेतला तेव्हा गाडी थांबली होती." त्यानं टोपी हातात फिरवली. "मी काहीच बघितलं नाही. नंतर गार्लंड सांगायचा तेच मी सांगत आलो. पाऊण गाडी आत होती?"

"पाऊण."

"जागा नसताना?"

"अजिबात नसताना."

हॉयट आपल्या जागेवर जाऊन बसला नाही. त्यानं व्हर्लीनच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि तो तिच्यासमोर बसला. फिश कॅम्पात ताटं उचलणाऱ्या पोरी होत्या तिथेच थांबल्या.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "तिसऱ्या वळणापासून."

"सांगते," व्हर्लीन म्हणाली. "पण मधे बोलायचं नाही, हॉयट. फेऱ्या माझ्या आहेत."