प्रवासासाठी नवा सदरा

डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावून सांगितलं, "आता ते म्हणतील तिथं फिरवून आणा." टेलरमास्तरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दक्षिणेतलं ते समुद्राकाठचं शहर बघायचं होतं. तिनं घरी कुणाला काही सांगितलं नाही, डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. लेकीनं पुढच्या महिन्याची तिकिटं आणि समुद्र दिसेल अशी खोली बघून ठेवली. ही यंत्रासारखी प्रवासासाठी मास्तरांचा सदरा शिवत बसली.

शिवणकाम तिला मास्तरांनीच शिकवलेलं. गिऱ्हाईक उद्या अंगानं भरलं तर सदरा सैल करता यावा, म्हणून शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखायचं, हा दुकानाचा नियम. लोक म्हणायचे, मास्तर आमच्या ढेरीचीही सोय बघतात.

सदरा हातात येताच मास्तरांनी सवयीनं तो उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं.

"आत कापड ठेवलं नाहीस."

तिनं पाहिलं. खरंच नव्हतं. कात्री कधी चालली, तिला आठवेना.

"विसरले."

मास्तरांनी सदरा सुलटा करून नीट घडी घातली.

"लेकीला सांग," ते म्हणाले, "तिकिटं याच आठवड्यातली बघ."