कानांच्या वर

अक्षयाने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि श्वास रोखला. धुक्यातून हरणाचा नर बाहेर आला होता. खुरांचा आवाज नाही, पानांची सळसळ नाही; नुसता तिथे होता. मे महिन्याचं पहिलं ऊन त्याच्या तांबूस पाठीवर पडलं होतं, नाकपुड्यांतून वाफ निघत होती. इंग्लंडमधल्या लेस्टरपासून अर्ध्या तासावर असं काही राहतं, हे इथे येऊन दोन वर्षं झाली तरी तिच्या गावी नव्हतं.

"दिसला?" शेजारी उल्हासकाका कुजबुजले. तिच्या नवऱ्याचे, प्रणवचे हे काका हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यापासून या शेतावरची हरणं आटोक्यात ठेवायचं काम बघत. "माझ्यासमोर ही फांदी. मला नुसतं त्याचं बूड दिसतंय."

"दिसला."

"मग शिंगं सांग. कानांशी ताडून बघ. कानांच्या वर गेली असली तर राहील, खाली असली तर आज जाईल. सगळेच ठेवले तर रानाला झेपत नाही."

मचाणावर त्यांच्या मांडीवर बंदूक आडवी होती.

"काका, लहान आहे हो तो."

"वय कुणी विचारलंय? माप सांग. घरी तर ग्रॅमग्रॅम मोजतेस."

ते खरं होतं. तिच्या दहा महिन्यांच्या लेकीच्या, आर्याच्या वजनाचा ठिपका वाढीच्या तक्त्यावरच्या सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली घसरला होता. मंगळवारी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. अक्षया तिला सकाळ-संध्याकाळ तोलायची. वहीत एक ग्रॅमसुद्धा तिने कधी वाढवून लिहिला नव्हता. आज एक सकाळ तरी काट्यापासून लांब राहा, म्हणून प्रणवने तिला बळेच इकडे पाठवलं होतं.

तिने पुन्हा पाहिलं. मोठे, लवदार कान एकेक करून वळत होते. त्यांच्यामध्ये मखमलीत गुंडाळल्यासारखी दोन टोकं. जेमतेम अर्ध्या कानाएवढी. पाय अजून अंगाच्या मानाने फार लांब होते. त्याने मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. त्या काळ्याभोर, ओल्या डोळ्यांत अख्खं आभाळ मावलं होतं.

"बोल गं."

"वर आहेत," ती म्हणाली. "चांगली बोटभर वर."

"नक्की?"

"नक्की."

हरणाने तीन पावलं टाकली आणि ते फांदीआडून उघड्यावर आलं. काकांनी बंदूक उचलून डोळा लावला. अक्षया त्यांच्या बोटाकडे बघत राहिली. आता दुर्बिणीचीही गरज नव्हती. शिंगं कानांत हरवली होती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

काका बराच वेळ बघत होते.

"हो गं," ते म्हणाले आणि बंदूक हळूच मांडीवर ठेवली. "आहेत खरी बोटभर वर."

हरण कोवळी पानं खुडत राहिलं. दोघंही हलली नाहीत.

"पुढच्या मे महिन्यात पुन्हा बघू," थोड्या वेळाने काका म्हणाले. "आर्यालाही आण."