काळ्या पानावरचे कुलूप

मी एक जुना कुंचला आहे. दांड्याचा रंग उडाला आहे, पत्र्याची नळी सैल झाली आहे आणि केस म्हणाल तर नावापुरते उरले आहेत. मित्रांनो, माझी हकीकत गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ती खरी आहे.

कुंचले बांधणाऱ्या एका म्हातारीच्या हातून माझा जन्म झाला. जनावराच्या शेपटीचे केस ती विंचरायची, टोकाला टोक जुळवायची आणि दोऱ्याने आवळायची. माझे टोक तिने कधी कातरले नाही. "कातरलं की कुंचला मेलाच समज," असे ती सुनेला बजावत असे. ओला झालो की माझे टोक सुईसारखे व्हायचे.

मला विकत घेतले एका चित्रकथाकाराने. एका मासिकात त्याच्या चित्रकथा येत. सगळे काळ्या-पांढऱ्यात, कारण रंगीत छपाई त्या मासिकाला झेपणारी नव्हती. दोन खोल्यांच्या घरात तो आणि त्याची धाकटी बहीण राहत. आईवडील नव्हते. बहीण अंगाने बारीक आणि बोलायला अखंड, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ती शिलाईच्या कारखान्यात कॉलर शिवायला जाई आणि सुट्टीच्या दिवशी भावाच्या चित्रांसाठी त्याच्यासमोर नाना सोंगे घेऊन उभी राही. हातात लाटणे धरले की ती शिपाई, चादर ओढली की दरोडेखोर.

"दादा, महिनाभर खूनही मीच करतेय आणि मला पकडतेयही मीच," ती म्हणायची. "आणि माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का?"

"नाक नाही. नाकाची सावली मोठी आहे."

कोणत्याही चौकटीत आधी तो काळे कुठे येणार ते ठरवत असे. "पांढरं काढायचं नसतं," तो तिला सांगे. "ते कागदावर असतंच. काळं कुठं थांबवायचं, तेवढंच आपल्या हातात."

"म्हणजे निम्मं काम कागद करतो. मग अंकात कागदाचं नाव का नाही छापत?"

तो हसायचा आणि मी त्याच्या बोटांत थरथरायचो. ते माझे चांगले दिवस होते. पापणीचा केस, पावसात भिजलेली दोरी, म्हाताऱ्याच्या गळ्याची सुरकुती, सारे मी काढले. वाचकांची पत्रे येत. त्यांत त्याचे कौतुक असे. माझे नसे, पण मी ते आपलेच मानून घेई.

पुढे माझे टोक फाटले. बारीक रेघांसाठी नवा कुंचला आला आणि मी मोठ्या काळ्या जागा भरू लागलो. मग तेही काम सुटले. खळ लावायला मला वापरू लागले, आणि एकदा डोके खाली करून मला बरणीत जे ठेवले ते तसेच. केस वाकडे झाले. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय.

अशात एके दुपारी शेजारीण धावत वर आली. शिलाईच्या कारखान्याला आग लागली होती. आग पुढच्या जिन्याजवळ पेटली. बायका मागच्या दाराकडे पळाल्या. त्या दाराला बाहेरून कुलूप होते. कापडाचे तुकडे कोणी लपवून नेऊ नयेत म्हणून कारखान्याचा मालक ते रोज लावून ठेवत असे. चिमणीची रांग त्या दाराजवळची होती.

ती परत आली नाही. तिच्या रांगेतली एकही आली नाही.

चित्रकथाकाराने काम सोडले. शाई दौतीत सुकून तिच्या खपल्या झाल्या. तो टेबलाशी बसायचा, पेन्सिल उचलायचा आणि ठेवून द्यायचा. मग एके सकाळी त्याने नवी शाई आणली आणि त्या आगीचीच चित्रकथा काढायला घेतली.

नव्या कुंचल्याने त्याने ज्वाळा काढल्या. म्हणजे ज्वाळांपुरता कागद कोरा सोडला आणि भोवताली काळे भरले. तांबडा थेंबही न वापरता आग धडधडून पेटली. मी बरणीतून पाहत होतो. इतके सुंदर पान त्याने आजवर काढले नव्हते.

ते त्याने काजेवालीला दाखवले. ती कारखान्यात शर्टांना काजे करायची, चिमणीची जिवाभावाची मैत्रीण. तिचे मशीन पुढच्या बाजूला होते, म्हणून धुरात जिन्याचा तापलेला कठडा धरून ती खाली उतरू शकली आणि वाचली. दोन्ही हात भाजले होते आणि धुराने आवाज कायमचा बसला होता. तिने पान खूप वेळ पाहिले.

"छान आहे," ती म्हणाली. "पण असं नव्हतं."

"कसं होतं?"

"आग आम्हाला दिसलीच नाही. नुसता धूर. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नव्हता. मागून हाका ऐकू येत होत्या, तेवढंच."

त्याने ते पान फाडले. मग बरणीत हात घालून मला बाहेर काढले, कोमट पाण्यात भिजवले, बोटांनी माझे केस सरळ केले. एवढे काळे भरणे नाजूक टोकाचे काम नव्हतेच.

पहिल्या चौकटीत शिवणयंत्रे आणि वाकलेल्या माना होत्या. पुढच्या चौकटीत वरून काळे उतरले. जवळजवळ कोरडे ठेवून त्याने मला कागदावर घासले, आणि माझ्या विस्कटलेल्या केसांनी धुराची कड उमटली. मग काळे वाढत गेले. शेवटून दुसऱ्या चौकटीत दाराखालच्या फटीची पांढरी रेघ आणि तिच्यापाशी आलेली बोटे, एवढेच राहिले. चेहरा त्याने एकही काढला नाही. पण कॉलर शिवून चपटे झालेले ते बोट कोणाचे, हे मला कळले. 

शेवटची चौकट मात्र लख्ख पांढरी. बाहेरून दिसणारे दार, ऊन, आणि कडीला लहानसे कुलूप.

मासिकाच्या संपादकांनी पान हातात घेतले आणि चष्मा पुसला. "काळं फार झालंय. लोक म्हणतील छपाई बिघडली. पण ते असू दे. हे कुलूप काढा."

"काढलंय की."

"चेष्टा नको. मालक वकील घेऊन दारात उभा राहील. मासिक बंद पडेल."

"कुलूप राहील," तो म्हणाला आणि घरी आला.

अंक निघाला. कुलूप नव्हते. छापखान्यात कोणीतरी त्यावर पांढरा रंग फासला होता. दार नुसतेच लोटलेले दिसत होते.

काजेवाली अंक घेऊन आली. "माझी जाऊ वाचून काय म्हणाली माहितेय? 'दार ढकलायचं तरी होतंस गं.'"

त्याने दौतीला बूच लावले, ती पिशवीत ठेवली, मला खिशात घातले आणि दोघे कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेले.

"विकायच्या अंकावर शाई लावणार?" पेपरवाला म्हणाला.

"माझंच पान आहे. अपुरं राहिलंय."

पेपरवाल्याने पान पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले, आणि बसायला स्टूल दिले. काजेवाली पट्टी बांधलेल्या हातांनी पान उघडून धरी, तो कुलूप काढी, ती फुंकर घालून शाई वाळवी. अंक विक्रीला होता तोवर ते असेच एका स्टॉलवरून दुसऱ्या स्टॉलवर गेले. काहींनी हाकलूनही लावले. स्वस्तातला खरबरीत कागद माझे केस उपटत होता. शेवटी शेवटी कुलपाचा नुसता डाग उमटायचा आणि वर एक वाकडी कडी. पण बघणाऱ्याला कळायचे.

न्याय झाला, असे मी सांगणार नाही. दार फुगून घट्ट बसले होते, असे चौकशीत ठरले. चित्रकथाकाराला त्या मासिकाने पुन्हा काम दिले नाही. तो आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. मला टेबलावरच्या डब्यात ठेवले आहे. मालकाने दुसऱ्या गल्लीत कारखाना काढला, आणि पोटासाठी काजेवालीला तिथेच जावे लागले.

तिथेही मागच्या दाराला कुलूप होते. तिने तो अंक उघडून मशीनवर ठेवला. शेजारच्या मशीनवरच्या बाईने पाहिला, तिने पुढे दिला. बायका उठून उभ्या राहिल्या.

मालक म्हणाला, "कामाला बसा."

"कुलूप काढा, मग बसतो," काजेवाली म्हणाली. तिचा आवाज पुरला नाही, म्हणून शेजारणीने तेच मोठ्याने म्हटले.

कुलूप निघाले. महिना संपायच्या आत काजेवालीची नोकरीही गेली. हे सगळे तिने त्याच्या टेबलाशी बसून सांगितले.

"आणि दार?" त्याने विचारले.

"उघडं असतं. वारा येतो म्हणे आत."

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझे झडायचे ते झडून गेले. पण तुमची आई, ताई, काका, कोणी कामाला जात असेल, तर आज ते घरी आल्यावर त्यांना विचारा की तिथले मागचे दार उघडते का. 'माहीत नाही' असे उत्तर आले, तर उद्या गेल्यावर ते ढकलून बघायला सांगा.